ऑल अबोर्डच्या आधी

त्याने मला बघितलं होतं, यात शंका नाही. दुपारचा एक वाजला होता. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाउनमधल्या लेबुह पांताईच्या एका आडगल्लीत, सिमकार्डं आणि चार्जर विकणाऱ्या दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. अंगात निळा टी-शर्ट, पायात स्लिपर, मांडीवर तपकिरी कागदात बांधून आणलेला भात, आणि एका हातात तोंडासमोर धरलेला फोन. क्रूझच्या बोटीवर चढल्यापासून दिवसातून चारदा आमच्या केबिनबाहेर हसून उभा राहणारा, पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा हाच तो मुलगा. मी हात वर केला, तोंडभर हसले, हाकही मारणार होते. त्याची नजर माझ्यावर आली, नीट थांबली, आणि मग फोनकडे परत गेली. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. जणू मी त्या गल्लीतून जाणारी कुणीतरी बाई होते. आणि होतेच की तशी.

"तो नसेल गं," आमचे हे म्हणाले. "युनिफॉर्मशिवाय सगळे सारखेच दिसतात." हे वाक्य मला त्या क्षणी आवडलं नाही, पण भांडायला ऊन फार होतं. नणंद पुढच्या दुकानातल्या मॅग्नेटांपाशी पोचली होती. मीही चालू लागले. मात्र काहीतरी खुपलं. अपमान म्हणण्याइतकं मोठं काही नव्हतं ते. लग्नघरी आपण कुणाला तरी हात करावा आणि त्याने दुसरीकडे बघावं, तेव्हा उगाचच पदर सारखा करावासा वाटतो ना, तसं काहीतरी.

आमची ओळख पहिल्याच संध्याकाळी झाली होती. सिंगापूरहून बोट सुटली, आम्ही केबिनमध्ये बॅगा उघडून नेहमीप्रमाणे चिवड्याचा डबा कुणाच्या बॅगेत गेला यावर वाद घालत होतो, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या या मुलाने अगदी हळू विचारलं, "तुमी खंयचे?" छातीवरच्या पट्टीवर नावाखाली फक्त 'इंडिया' लिहिलेलं. त्याचं गाव वेंगुर्ल्याजवळचं, माझं माहेर मालवण तालुक्यातलं. पाच मिनिटांत मी 'मॅडम'ची 'काकी' झाले. ही बातमी आमच्या डोंबिवली-ठाण्याकडच्या ग्रुपमध्ये पसरायला जेवणाची वेळही यावी लागली नाही. आणि मग काय विचारता! तो 'आपला माणूस' झाला. आपला माणूस असल्यामुळे त्याच्याकडे जास्तीच्या उश्या मागता येऊ लागल्या, रात्री अकराला गरम पाणी मागता येऊ लागलं, जेवणघरातून हिरव्या मिरच्या येतील का हे विचारता येऊ लागलं. फिलिपिनो अटेंडंट मिळाला होता त्या जोडप्याने यातलं काही मागितलं नाही. आपलेपणाचा हा हिशोब मला त्या गल्लीतून पुढे गेल्यावर सुचला, आधी नाही.

सकाळी उतरलो तेव्हा मात्र डोक्यात फक्त पेनांग होतं. स्वेटनहॅम धक्क्याची गंमत अशी, की बोट थेट गावाच्या उंबऱ्याशी लागते. क्वालालंपूर बघायचं तर पोर्ट क्लांगला उतरून बसमध्ये तासभर बसावं लागतं, बँकॉकला त्याहून जास्त. इथे कार्ड 'टिंग' करून गँगवे, म्हणजे बोटीचा जिना, उतरलात, टर्मिनलची थंड हवा ओलांडलीत, की रिक्षावाले अंगावर येतात. तीनचाकी सायकलरिक्षा, प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेल्या, कुठल्या तरी भाषेतलं नाचगाणं लावलेल्या. समोरच राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा. राज्याला ६० वर्षं झाली म्हणून उंची ६० फूट, वर्षाला एक फूट. खर्च एका चिनी धनिकाने केला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत मनोरा किंचित कलला, तो तसाच आहे. आमच्या ग्रुपने त्याला पिसाचा मनोरा समजून हाताने धरल्याचे फोटो काढले. काढू देत. मनोऱ्याच्या पलीकडे कॉर्नवॉलिस किल्ला. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट इथे ईस्ट इंडिया कंपनीसाठी उतरला तेव्हा सगळं रान होतं, आणि मजुरांनी ते भराभर तोडावं म्हणून त्याने तोफेत चांदीची नाणी भरून रानात उडवली, असं सांगतात. खरं असो नसो, कंपनी सरकारला शोभणारी गोष्ट आहे: पैसे उडवायचे, पण घाम दुसऱ्याचा.

जहाजातून उतरणाऱ्यांचं शहर कसं दिसतं, ते इथे पावलापावलावर दिसतं. एकाच रस्त्यावर क्वान यिन देवीचं देऊळ, १८०१ पासूनची कपितान केलिंग मशीद, पलीकडच्या गल्लीत मरियम्मनचं देऊळ, आणि वरच्या टोकाला सेंट जॉर्जेस चर्च. देवळाच्या अंगणात मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या धुमसत होत्या, धूर डोळ्यांत जात होता, एक म्हातारी तो धूर हाताने डोक्यावर ओढून घेत होती. दहा मिनिटं चाललं की लिटल इंडिया. हवा बदलते म्हणजे अक्षरशः बदलते: उदबत्तीवरून मोगऱ्यावर, मोगऱ्यावरून तळणीच्या तेलावर. तमिळ गाणी इतक्या मोठ्याने, की दुकानदार आणि गिऱ्हाईक खुणांनी भाव करतात. इथे आमच्या ग्रुपला एकदम हुरूप आला. परदेशात येऊन सगळे साड्यांचे भाव विचारू लागले, डोशाच्या वासाने दोघीतिघींनी "अगंबाई, आपलंच आहे की सगळं" म्हणून सुस्काराही सोडला. माझं मन मात्र चर्चपाशीच राहिलं होतं.

पांढरं शुभ्र, खांबांचं, हिरवळीवर उभं असलेलं ते चर्च १८१८ मध्ये बांधून झालं. मजूर होते हिंदुस्थानातून आणलेले कैदी. अंदमान पुढे आलं, १८५७ च्या उठावानंतर. त्याआधी काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे पेनांग, मलाक्का, सिंगापूर. बंगाल, मद्रास आणि मुंबई, तिन्ही इलाख्यांतून माणसं इथे आली. रस्ते त्यांनी काढले, दलदली त्यांनी भरल्या. शिक्षा संपल्यावर कितीतरी जण परत गेलेच नाहीत. लग्नं केली, दूधदुभतं केलं, गाड्या हाकल्या. मुंबई इलाख्यातून म्हटल्यावर माझं मन लगेच रत्नागिरी, मालवण करत सुटलं. बेड्या घालून मुंबईहून निघालेल्या एखाद्याला या धक्क्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल? माडच दिसले असतील. हवाही तीच, ओली, मिठाची. सगळंच अनोळखी असतं तर कदाचित बरं वाटलं असतं त्याला.

चर्चच्या पायरीवर नणंदेने पाण्याची बाटली पुढे केली आणि "चल, अजून जेटी राहिलीय" म्हणाली. आमच्याकडे वेळेचा हिशोब तिच्याकडे असतो.

दुपारचा तो प्रसंग यानंतरचा. लेबुह पांताई म्हणजे जुनी बीच स्ट्रीट. एकेकाळी तिथेच किनारा होता. मग भराव घालून समुद्र पुढे ढकलला, बँका उभ्या राहिल्या, रस्त्याला नाव तेवढं किनाऱ्याचं राहिलं. त्या गल्लीत आमच्या बोटीवरची कितीतरी माणसं होती, हे नंतर लक्षात आलं. फुकट वायफायचं दुकान असेल तिथे बोटीवरचे लोक गोळा होतात, जसे पूर्वी गावात एसटीडी बूथबाहेर व्हायचे. एक इंडोनेशियन मुलगी भिंतीला टेकून रडत होती की हसत होती कळेना. दोघे पैसे पाठवायच्या खिडकीसमोर रांगेत. एकाच्या हातात दंतमंजन, साबण आणि नूडल्सची पाकिटं. आमच्यासाठी जे वारसा शहर होतं, ते त्यांच्यासाठी किराणा, पोस्ट आणि घर होतं, सगळं एकाच गल्लीत.

त्याच्या फोनमध्ये कोण होतं ते मला जाताजाता दिसलं. दोन वेण्या घातलेली लहान मुलगी. रविवार होता, मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे वेंगुर्ल्यात सकाळचे साडेदहा. आंघोळ झालेली, शाळा नाही. तो फोन फिरवून तिला गल्लीच्या तोंडाशी छपरांवरून डोकावणारी बोट दाखवत होता.

बोटीवरच्या लोकांच्या झोपेचा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती दोन तुकड्यांत देता येते, एक तुकडा मात्र सलग ६ तासांचा हवा. हे वाचताना भरपूर वाटतं. पण सकाळच्या केबिनी आवरून झाल्या की संध्याकाळच्या फेरीपर्यंत मधे जो दुपारचा तुकडा उरतो, त्यातच झोपायचं, कपडे धुवायचे, किंवा गावात उतरायचं. शिवाय बंदरात असतानाही आणीबाणीसाठी ठरावीक माणसं बोटीवर थांबवावी लागतात; त्याची पाळी असेल त्या दिवशी धक्का फक्त खिडकीतून. हे सगळं त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उश्यांचे अभ्रे चढवता चढवता, तक्रारीच्या सुरात अजिबात नाही. म्हणजे त्या पायरीवर तो बसला होता तो वेळ त्याने झोपेतून कापून आणला होता. त्यात "अरे, तू इथे!" करत, हातात मॅग्नेटांची पिशवी घेऊन, एक काकी येते. तिला हसून दाखवायचं म्हणजे परत ड्यूटीच.

हे मी त्याच्या वतीने ठरवतेय. कदाचित त्याला उन्हाची तिरीप आली असेल. कदाचित मुलगी नेमकी काहीतरी सांगत असेल. तरी मला माझंच उत्तर पटतं, आणि पटूनही थोडं खुपतं. त्याने ओळख दाखवली नाही हे बरोबर केलं असं मला वाटतं, आणि दाखवली असती तर मला आवडलं असतं, हेही खरं.

च्यू जेटीवर पोचलो तेव्हा भरती होती. लाकडी खांबांवर, पाण्यात उभी असलेली घरांची गल्ली. पायाखालच्या फळ्यांमधून हिरवं पाणी दिसतं आणि त्याचा वास येतो, मासळीचा, डिझेलचा, ओल्या लाकडाचा. फूच्यान प्रांतातून आलेल्या, एकेका आडनावाच्या कुळांनी एकोणिसाव्या शतकात ही वस्ती वसवली. जहाजांतला माल होड्यांत घेऊन धक्क्यावर आणायचा हा त्यांचा धंदा. जमिनीवर घर नाही, म्हणून जमिनीचा कर नाही. आता दर दुसऱ्या घरात टी-शर्ट आणि आइस्क्रीम. उरलेल्या घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या. एका उघड्या दारातून आत एक आजोबा बनियनवर टीव्ही बघताना दिसले, लाल दिव्यांच्या देव्हाऱ्याखाली. आमच्यातल्या एकीने पाटी वाचून मग फोटो काढला. आजोबांनी मान वळवली नाही. आता मला ते न वळवणं ओळखीचं होतं.

२००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं म्हणून या जेट्या वाचल्या, असं म्हणतात. दोन त्याआधीच पाडल्या गेल्या. पण यादीत नाव येण्याआधीच शहर रिकामं व्हायला लागलं होतं. इथे भाडेनियंत्रण होतं, ते १९९९ च्या अखेरीस संपलं. पिढ्यान्‌पिढ्या थोडक्या भाड्यात वरच्या मजल्यावर राहून खाली दुकान चालवणारी कुटुंबं नव्या भाड्याला टिकली नाहीत. आर्मेनियन स्ट्रीटवर ज्या भिंतीवर सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र आहे, २०१२ मधलं, ते बघायला रांग लागते. खरी सायकल भिंतीला जोडलेली, मुलं रंगवलेली. गिरगावात वाढलेले आमचे हे त्या रांगेत उभे असताना वरच्या बंद खिडक्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इथे पागडी असेल का गं?" पूर्ण दिवसातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य ते.

मग चेंडोल. पेनांग रोडच्या कडेच्या एका बोळात, गाडीभोवती घोळका, उभ्यानेच खायचं. वाडग्यात किसलेला बर्फ, त्यावर तांदळाच्या हिरव्या मऊ शेवया, राजम्यासारखे दाणे, वरून नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचा काळपट पाक. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी थबकले. शिरवाळे! आईच्या हातचे, गरम साच्यातून पडणारे, नारळाच्या रसात गूळ आणि वेलची. इथे बर्फ होता, वेलची नव्हती, रंग भलताच होता. पण तांदूळ, नारळ, गूळ हे तिघे एकत्र आले की आणखी कुणाला विचारावं लागत नाही. परदेशात जाऊन आपल्याकडचं काहीतरी शोधून काढायची खोड मला आवडत नाही, सकाळीच मी डोशावरून नाक मुरडलं होतं. पण जिभेला कोण समजावणार. घाम पुसत दुसरा वाडगा घेतला.

एक बांधून घ्यावा आणि त्या पायरीवर नेऊन द्यावा, असं मनात येऊन गेलं. बर्फ वितळला असता, हे कारण मी स्वतःला दिलं.

माझी आजी मुंबईला बोटीने जायची. मालवणच्या बंदरात बोट आत येत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव हेलकावे खात बोटीला भिडायचा आणि लाटेने वर उचललं त्याच घडीला शिडी पकडायची. खलाशी हाताला धरून वर ओढत. आजीला बोट लागायची. लिंबू नाकाशी धरून ती रात्रभर ट्रंकेवर बसून काढायची आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरायची. तिच्या सगळ्या हकिकतींत मुंबई कमी आणि तो खलाशी जास्त असे. कुठल्या गावचा होता, काय म्हणाला, कसा पोराला एका हातात आणि ट्रंकेला दुसऱ्या हातात घेऊन चढला. त्याला तिने त्या दिवसानंतर कधी बघितलं नसेल. बघितलं असतं, बाजारात, धोतरात, स्वतःच्या पोरासोबत, तर त्याने ओळख दाखवली असती का, हा प्रश्न तिला पडला नसता. खलाशाने ओळखावं अशी अपेक्षा तिकिटात धरलेली नव्हती. आमच्या तिकिटात बहुतेक धरलेली असते. नावानिशी गुड मॉर्निंग, वाढदिवसाला केक, टॉवेलचा हत्ती. जहाज कंपन्या समुद्रापेक्षा हेच जास्त विकतात, आणि खोटं कशाला बोला, मला ते आवडतं.

साडेपाचला ऑल अबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परत यायची शेवटची वेळ. पाच वाजता परत निघालो तेव्हा शहर नुकतं जागं होत होतं. चुलिया स्ट्रीटच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागायला सुरुवात झालेली, कुणी टेबलं मांडतंय, कुणी कोळंबी सोलतंय, एका कढईत नुसतं तेल तापतंय. पेनांगचं खाणं म्हणतात ते रात्रीचं. आणि आम्ही रात्रीच्या जेवणाला बोटीवरच्या बुफेत इडली आणि पास्ता घेऊन बसणार होतो. बोटीचा दिवस संपतो तिथे या शहराचा सुरू होतो. क्रूझचं वेळापत्रक करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. आम्ही बाहेर जेवलो तर बुफे कोण खाणार?

रात्री तो केबिन आवरायला आला. दुपारबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. हे बाथरूममध्ये होते. त्याने चादर ओढली, उशी झटकली आणि विचारलं, "काकी, काय खाल्लात?"

"चेंडोल."

तो एकदम हसला. "शिरवाळ्यांसारखा लागता मां?"

म्हणजे त्यालाही लागलं होतं. मग तो जरा थांबून म्हणाला, रात्रीच्या गाड्यांवरचं खाणं तर बघायलाच हवं, सगळे सांगतात. दर आठवड्याला बोट इथे येते, सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, पण सूर्य मावळल्यावरचं पेनांग त्याने बघितलेलं नाही. "माका खंय गावता!" टॉवेलचं या खेपेस माकड होतं.

दुसऱ्या दिवशी फुकेत. पातोंगसमोर धक्का नाही, बोट लांब उभी राहते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. लाटा बऱ्यापैकी होत्या. होडी वर येते तेव्हाच पाय टाकायचा, असं तो दरवाजातला आडदांड इंडोनेशियन खलाशी प्रत्येकाला हाताला धरून सांगत होता. नणंद दोनदा पुढे झाली, दोनदा मागे आली. "नाव काय रे तुझं?" तिने त्याला चक्क मराठीत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटून उडी मारली. पलीकडे पोचल्यावर तिचं पहिलं वाक्य, "टुकटुकवाल्याला आधीच भाव विचारा, काल सगळ्यांना फसवलंय म्हणे."